बांधणीची हत्यारे आणि मोडीचा भाव

१८६७च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी कायद्याने हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव घालणे बंधनकारक केले. त्याच कायद्यात सरकारजमा करावयाच्या प्रतीविषयी एक अट होती : ती प्रत बांधलेली, शिवलेली किंवा टाचलेली असावी. राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवावयाच्या प्रतीसाठी १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याने हीच अट जवळजवळ त्याच शब्दांत उचलली. पुस्तक बांधलेले हवे, याविषयी कायद्याला कधी शंका नव्हती. ते बांधले कोणी, हे विचारण्याची मात्र त्याला गरज भासली नाही. पुढे २०२३च्या कायद्याने १८६७चा कायदा मोडीत काढला आणि पुस्तकांना आपल्या कक्षेतूनच वगळले. तेव्हा दीडशे वर्षांहून अधिक काळ जी जागा कोरी राहिली, ती आता भरली जाण्याचा संभवही उरला नाही.

कायद्याचे एक वेळ सोडून देता येईल. मराठी साहित्यव्यवहाराने तरी याहून वेगळे काय केले? मराठी पुस्तकाचे श्रेयपान उघडावे. लेखक, प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, क्वचित मुद्रितशोधक अशी सर्वांची नावे तेथे रांगेने भेटतात. बांधणाऱ्याचे नाव शोधू लागल्यास डोळे दुखतील. ज्याच्या दोऱ्यावर ही सारी नावे एकत्र राहिलेली असतात, तोच तेवढा त्या पानावर नसतो. हे अनवधान आहे असे मानण्याइतके भोळे होण्याचे कारण नाही. बांधणीचा सरस जनावरांच्या कातड्याचा आणि हाडांचा. बांधणीची उत्तम पाठ चामड्याची. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१च्या सुमारास शिळाछापावर पंचांग काढले, तेव्हा धर्मग्रंथांना चरबीचा विटाळ नको म्हणून शाईत तूप वापरले जाई, ही हकीकत मुद्रणाच्या इतिहासात नोंदलेली आहे. शाईपुरता तुपाचा तोडगा निघाला. सरसाला असा तोडगा नव्हता. म्हणून सोवळ्यातल्या पोथ्या छापल्या गेल्यावरही दीर्घकाळ सुट्या पानांच्या, फळ्यांमध्ये दाबून फडक्यात गुंडाळलेल्याच राहिल्या, आणि बांधलेल्या पुस्तकाचे काम ज्यांच्याकडे गेले त्यांची नावे लिहिण्याचा शिष्टाचार मराठीत रुजला नाही. जिल्दसाज हा शब्द आपण फारसी-उर्दूकडून घेतला, तो माणूस मात्र घेतला नाही.

ही पार्श्वभूमी आठवण्याचे प्रयोजन असे, की ग्रंथबांधणीची हत्यारे आणि साहित्य यांच्या अदलाबदलीचा एखादा मेळावा रायपूरसारख्या शहरात नेमाने भरावा अशी सूचना कोणी केली, तर तिच्याकडे सुशिक्षित माणूस ज्या स्मिताने पाहील ते स्मित याच शिष्टाचारातून आलेले असते. जुन्या बाजारातली दाभणे आणि हातोड्या यांच्याशी साहित्याचा काय संबंध, असा त्या स्मिताचा अर्थ असतो. हा संबंध कसा आहे, आणि तो रायपूरमध्ये महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरापेक्षा अधिक कसा आहे, हे दाखवणे अवघड नाही.

रायपूरची मराठी ही पाहुणी मराठी नव्हे. १७४१मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत छत्तीसगडात उतरले. १७५८पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून कारभार केला आणि त्या कारभाराबरोबर मोडी लिपी या प्रदेशात आली. १८५४मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे मध्य प्रांत, मग मध्य प्रांत आणि वऱ्हाड अशा व्यवस्थेत नागपूर आणि रायपूर एकाच छत्राखाली राहिले. १९५०मध्ये त्या प्रांताने मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा दिला. १९५६च्या राज्यपुनर्रचनेने ही जोडी तोडली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड मध्य प्रदेशात, आणि १ नोव्हेंबर २०००पासून ते स्वतंत्र राज्य झाले. या घडामोडींचा राजकीय इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. ग्रंथांच्या दृष्टीने त्यांचा अर्थ एवढाच, की रायपुरातल्या मराठी पुस्तकांच्या कपाटाचा धनी १९५६नंतर कोणी राहिला नाही. महाराष्ट्राचा १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम त्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. त्या अधिनियमाखाली मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानाचा पैसाही नाही. ग्रंथप्रदान कायद्याच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीला जातात. २००३मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय पांडुलिपी मिशन हस्तलिखितांसाठी होते, तीही किमान पंचाहत्तर वर्षे जुनी. छापील किंवा शिळाछाप पुस्तक त्याच्या व्याख्येत बसत नव्हते. सारांश, १९२० साली पुण्यात छापून रायपूरला आलेले आणि एखाद्या मंडळाच्या कपाटात राहिलेले मराठी पुस्तक हे कोणत्याही कायद्याच्या, योजनेच्या किंवा अनुदानाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. ते फाटले, तर त्याच्या जागी दुसरे येत नाही. पुण्यात फाटलेल्या प्रतीची बहीण अप्पा बळवंत चौकात किंवा शेजारच्या पेठेतल्या वाचनालयात सापडण्याची आशा तरी असते. रायपूरला प्रत एकच असते. तिच्या बाबतीत बांधणारा हा डॉक्टर नव्हे, वारस आहे.

या शहराने हे वारसपण एकदा उत्तम रीतीने निभावले होते. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनी रामराव चिंचोलकरांसह संपादित केलेले आणि वामन बळीराम लाखे यांनी प्रकाशित केलेले ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक जानेवारी १९००पासून डिसेंबर १९०२पर्यंत चालले. संपादन पेंड्र्याहून होई. छपाई आरंभी रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात आणि नंतर नागपूरच्या देशसेवक छापखान्यात झाली. मराठी माणसे, हिंदी मासिक, मुसलमान नावाचा छापखाना आणि नागपूरची वाट : एवढ्या हातांची देवघेव झाली तेव्हा तीन वर्षांचे एक मासिक उभे राहिले. सप्र्यांच्या नावाने भोपाळला १९८४मध्ये वृत्तपत्र संग्रहालय स्थापन झाले, हे योग्यच झाले. परंतु मासिक कोणत्या रूपात संग्रहालयापर्यंत पोहोचते, याचा विचार साहित्याचे विद्यार्थी करत नाहीत. सुटे अंक रद्दीत जातात. वर्षाचे बारा अंक एका पाठीत शिवले गेले, की त्यांना ग्रंथाचा दर्जा मिळतो आणि ते कपाटात टिकतात. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली नियतकालिके आज ज्यांना वाचायला मिळतात, त्यांनी त्या त्या वाचनालयाच्या अनाम बांधणाऱ्याचे आभार मानले पाहिजेत. ग्रंथसूचीत त्याला जागा नसते, आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशातही नसते.

आता हत्यारांकडे वळावे. हाताने पुस्तक बांधणाऱ्याचा संसार फार मोठा नसतो. दाभण, सुया, शिलाईची लाकडी चौकट, पाठ गोलवण्याची हातोडी, घडी दाबण्याची हाडाची पट्टी, सुरी, गुण्या, कडा कापण्याचे यंत्र, आणि सर्वांत महत्त्वाचा तो मळसूत्री शिकंजा. साहित्य म्हणावे तर पुठ्ठा, जाड दोरा, पाठीला लावायचा मांजरपाट, अबरी, कापड, सरस, आणि मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात, म्हणजे कीड लागत नाही. यातले बहुतेक साहित्य बाजारात मिळते. शिकंजा जुना झाला तरी मरत नाही. ओतीव लोखंडाचा शिकंजा तीन पिढ्यांना पुरतो. मात्र या संसारात एक वस्तू अशी आहे की तिच्यावाचून सारे अडते आणि जी आता कोणी सहज घडवून देत नाही. ती म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी वर्खात नाव उठवण्याचे देवनागरी पितळी ठसे.

हे ठसे एकेक अक्षराचे असतात. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे यांचे वेगळे. रोमन लिपीला सव्वीस अक्षरे पुरतात. देवनागरीची पेटी त्याच्या कितीतरी पट भरते, आणि पेटीतला एक ठसा हरवला की ती पेटी त्या अक्षरापुरती मुकी होते. रायपूरला या मुकेपणाचे एक खास रूप आहे. हिंदीसाठी घेतलेल्या पेटीत ‘ळ’ असण्याचे कारण नाही, कारण हिंदीला त्याची गरज पडत नाही. मराठीसाठी घेतलेल्या पेटीत खालचा नुक्ता असण्याचे कारण नाही, कारण मराठीला तो लागत नाही. परिणाम असा, की हिंदी पेटी असलेल्या जिल्दसाजाकडे मराठी पुस्तक गेले, तर त्याच्या पाठीवर टिळकांचे ‘तिलक’ होते, मुळ्यांचे मुले होतात आणि काळाचा काल होतो. आणि मराठी पेटी असलेल्या बांधणाऱ्याला ज्या राज्यात तो राहतो त्या राज्याचे नाव त्या राज्याच्या राजभाषेत धड उठवता येत नाही, कारण ‘छत्तीसगढ़’च्या ‘ढ़’खालचा ठिपका त्याच्याजवळ नसतो. एकाजवळ जे जास्तीचे ते दुसऱ्याजवळ उणे, इतके नेमके उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही. हे ठसे विकत मिळत नसतील आणि नवे घडवून घेणे परवडत नसेल, तर ज्याच्याकडे दोन आहेत त्याने एक द्यावा आणि आपल्याकडे नसलेला घ्यावा, याहून दुसरा मार्ग कोणता? येथे अदलाबदल ही हौस नाही. दोन भाषांना एका शहरात नावानिशी राहता यावे याची ती किमान सोय आहे. ‘पाठीवरच्या एका अक्षराने काय बिघडते’ असे म्हणणाऱ्याने कपाटासमोर उभे राहून पुस्तक शोधून पाहावे. चुकीच्या नावाचे पुस्तक आणि हरवलेले पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो.

या सूचनेला होणारे विरोध तीन-चार प्रकारचे आहेत. त्यांतला सर्वांत प्रतिष्ठित विरोध संगणकाच्या बाजूने येतो : पुस्तकांच्या प्रतिमा घेऊन ठेवाव्या, म्हणजे बांधणीची कटकट नको. या युक्तिवादाला पुरोगामीपणाची झळाळी आहे, म्हणून तो ऐकणारा गप्प बसतो. वस्तुतः प्रतिमा घेण्यासाठी पुस्तक काचेखाली सपाट उघडावे लागते, आणि ठिसूळ पाठीचे पुस्तक सपाट उघडले की त्याची पाने हातात येतात. पुष्कळ ठिकाणी तर काम लवकर व्हावे म्हणून पाठच यंत्राने कापून टाकतात. म्हणजे प्रतिमा घेण्याआधी एकदा आणि घेतल्यानंतर एकदा, अशी बांधणाऱ्याची गरज दोनदा लागते. ती न भागवता प्रतिमा घेणारी संस्था पुस्तक वाचवत नाही, त्याचे शेवटचे छायाचित्र काढते. आणि त्या छायाचित्राचा तरी भरवसा काय? या शतकाच्या आरंभी सरकारी पैशाने भारतीय अंकीय ग्रंथालयाचा मोठा प्रकल्प उभा राहिला. त्यात हजारो पुस्तकांच्या प्रतिमा होत्या, मराठीही होती. कित्येक प्रतींत पाने गळलेली, कित्येकांची नावे चुकीची. २०१७च्या सुमारास ते संकेतस्थळच बंद झाले. प्रतिमांचा मोठा भाग बाहेरच्या स्वयंसेवी मंडळींनी आधीच उतरवून ठेवला होता म्हणून तो वाचला. कागदाचे पुस्तक वाचवायला दाभण लागते. प्रतिमांचे ग्रंथालय वाचवायलाही शेवटी कोणा हौशी माणसाची दुसरी प्रतच उपयोगी पडली.

संहिता कशीही टिकतेच, ग्रंथाच्या देहाचे एवढे कौतुक कशाला, असे म्हणणाऱ्यांना गोव्याकडे बोट दाखवता येईल. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. एकाही आवृत्तीची नाही. मराठीतल्या इतक्या मोठ्या काव्याचा छापील देह संपूर्ण नाहीसा झाला, आणि ते आज वाचता येते ते हस्तलिखित प्रतींमुळे. त्यांच्यावरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७मध्ये मंगळूरला त्याची आवृत्ती काढली. छपाईने ग्रंथ अमर होतो ही समजूत ज्या भाषेने चारशे वर्षांपूर्वी खोटी ठरताना पाहिली, तिने तरी ती पुन्हा बाळगू नये.

दुसरा विरोध यंत्राचा. आता बांधणी यंत्रावर होते, ती स्वस्त पडते, मग हाताच्या हत्यारांचे काय काम? येथे थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे. जुन्या पद्धतीत छापील कागदाला घड्या घालून फर्मे करतात आणि प्रत्येक फर्मा घडीच्या आतून शिवून पुढच्याशी जोडतात. जिल्दसाज यालाच जुजबंदी म्हणतात. अशा पुस्तकाचा दोरा तुटला तर पुन्हा शिवता येतो. पानाला इजा होत नाही, समास जात नाही. यंत्राच्या प्रचलित पद्धतीत घड्याच तासून टाकतात आणि पाने एकेक सुटी करून वितळलेल्या डिंकात बसवतात. डिंक ताजा आहे तोवर पुस्तक देखणे दिसते. परंतु रायपूरचा मे महिना बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा आणि त्यामागून येणारा पावसाळा दमट. उन्हाळ्यात डिंक ठिसूळ होतो आणि पावसाळ्यात कागद फुगतो. चार-सहा वर्षे असे झाले की पुस्तक उघडताच मधून दुभंगते. तेव्हा ते पुन्हा बांधायचे तर घड्या उरलेल्या नसतात. कडेने टाके घालावे लागतात, ते आतला समास खातात आणि ओळींची टोके शिवणीत जातात. म्हणजे १९३०चे पुस्तक १९९०च्या पुस्तकापेक्षा अधिक दुरुस्त होण्याजोगे असते, हे ग्रंथालयांनी ध्यानात घेतले पाहिजे. यंत्राने हाताची गरज कमी केली, ही समजूत चूक आहे. यंत्राने ती पुढच्या वीस वर्षांवर ढकलली आणि अधिक अवघड केली. ती वीस वर्षे आता भरत आलेली आहेत, आणि नेमक्या याच वेळी हत्यारे मोडीत निघत आहेत.

हत्यारे मोडीत निघतात ती कशी, हे पाहण्यासारखे आहे. संस्थेच्या जडवस्तू नोंदवहीत शिकंजा एक ओळ म्हणून असतो. तो चालवणारा माणूस निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही, शिकंज्यावर फायली साठतात, आणि एके दिवशी तपासणीत तो निरुपयोगी ठरतो. मराठी कार्यालयात निर्लेखन होते, हिंदी कार्यालयात अपलेखन. लोखंड दोन्हीकडे किलोवरच जाते. नियमच तसे आहेत, असे उत्तर यावर मिळते. ते पूर्ण खरे नाही. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत मोठ्या किमतीच्या निरुपयोगी वस्तूंसाठी निविदा किंवा लिलाव सांगितला आहे. ठरावीक मर्यादेखालच्या वस्तूंची विल्हेवाट कोणत्या पद्धतीने लावावी, हे मात्र सक्षम अधिकाऱ्यावर सोपवलेले आहे. जुन्या शिकंज्याची किंमत त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. तेव्हा तो चालत्या बांधणीघराला द्यावा की भंगारवाल्याला, हा निर्णय नियमाचा नसून माणसाचा आहे, आणि माणसे तो नियमाच्या नावावर खपवतात. याच नियमांत ग्रंथालयांविषयीही एक कलम आहे : वर्षात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार खंडांमागे पाच खंडांची हानी वाजवी मानावी, मात्र हजार रुपयांवरील किंवा दुर्मीळ पुस्तक हरवल्यास चौकशी व्हावी. हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब इतका बारकाईने ठेवला आहे. मधून दुभंगलेले, शेवटचा फर्मा गळालेले, परंतु मोजणीत ‘हजर’ भरणारे पुस्तक या हिशेबात कोठेच येत नाही. ते हरवलेले नाही म्हणून चौकशी नाही. वाचता येत नाही म्हणून वाचक नाही.

माणसाचेही असेच झाले. सरकारी कचेऱ्यांत दफ्तरी नावाचे पद असे. शिपायाहून किंचित वरचे. फायली शिवणे, नोंदवह्या बांधणे, दप्तराची निगा राखणे हे त्याचे काम. सहाव्या वेतन आयोगाने २००८च्या अहवालात शिपाई, दफ्तरी, जमादार, फरास, माळी, चौकीदार अशी पदे एकत्र करून त्यांना बहुकार्य कर्मचारी असे एकच नाव दिले. समतेच्या दृष्टीने यात गैर काही दिसणार नाही. परंतु ज्या दिवशी हातातले कसब पदाच्या नावातून गेले, त्या दिवशी ते कसब शिकवण्याची आणि त्याची हत्यारे सांभाळण्याची जबाबदारीही कोणाची राहिली नाही. अनेक कामे करणाऱ्याकडून ते एक काम अपेक्षितच धरले जात नाही.

तिसरा विरोध, खरे तर, विरोधाच्या वेषात येत नाही. तो उत्साहाच्या वेषात येतो, म्हणून अधिक घातक आहे. हत्यारांचा मेळावा म्हटले की काहींच्या डोळ्यांसमोर वारसा-जत्रा उभी राहते : मखमलीवर मांडलेली दाभणे, पाटीवर इतिहास, शेजारी हस्तकागदाच्या वह्यांची विक्री. न्यूयॉर्कला १९०६मध्ये स्थापन झालेल्या ग्रंथकारागिरांच्या संघापासून पुढे पाश्चात्त्य देशांत अशा संघटना निघाल्या. तिकडे सभासद जमून आपापली जादा हत्यारे, चामड्याचे तुकडे, रंगीत कागद बदलून घेतात आणि त्यातून त्यांचे काम चालते. त्या पद्धतीचे अनुकरण करण्यात कमीपणा नाही. मात्र तेथे देणारा आणि घेणारा बहुधा एकाच वर्गातला असतो. येथे तसे नाही. रायपुरात एका बाजूला साठी उलटलेला, कामाअभावी शिकंजा अडगळीत टाकलेला जिल्दसाज असेल, आणि दुसऱ्या बाजूला घरच्या दिवाणखान्यात ओतीव लोखंडाची शोभा हवी असलेला रसिक. या दोघांत अदलाबदल झाली, तर ती अदलाबदल नव्हे. आयात केलेल्या कागदाचा एक गठ्ठा देऊन तीन पिढ्यांचे हत्यार उचलले जाईल आणि त्याच्यावर पुन्हा कधी पुस्तक दाबले जाणार नाही. मोडीत गेलेला शिकंजा निदान वितळून दुसरे काही होतो. दिवाणखान्यातला तसाच राहतो.

या आक्षेपाचे बळ मान्य केलेच पाहिजे, आणि त्याचे उत्तर मेळावा न भरवणे हे नसून मेळाव्याला अटी घालणे हे आहे. पहिली अट अशी, की प्रत्येक हत्यारावर पहिला हक्क पोटासाठी किंवा ग्रंथालयासाठी पुस्तके बांधणाऱ्याचा. त्याने नाकारल्यावाचून ते इतर कोणाकडे जाऊ नये. दुसरी, ग्रंथालयांनी येथे घ्यायला येण्याआधी द्यायला यावे, आणि निर्लेखनाच्या यादीतली बांधणीची प्रत्येक वस्तू भंगारवाल्याआधी येथे दाखवावी. तिसरी अट अनेकांना रुचणार नाही : जो जिल्दसाज हत्याराबरोबर ते चालवणेही शिकवील, त्याला मानधन मिळावे, शाल आणि नारळ नव्हे. सत्कारावर मराठी मंडळांचा खर्च थोडा नसतो. एका सत्काराच्या खर्चात पुठ्ठा, कापड, दोरा आणि मैदा धरून पुष्कळ पुस्तके उभी राहतील. ठशांच्या बाबतीत तर अदलाबदलीपेक्षा उसनवारी बरी. एक ‘ळ’ शहरात असला आणि तो कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असले, म्हणजे पुरे. त्यासाठी एक वही हवी. ती वही अर्थातच शिवलेली असावी.

मेळावा भरवावा कोठे, याला फारसे महत्त्व नाही. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेचे सभागृह चालेल, एखाद्या महाविद्यालयाचा ओटा चालेल. हिंदी जिल्दसाजांना जेथे यायला संकोच वाटणार नाही अशी जागा असावी, एवढेच. काळ मात्र जपून निवडावा लागेल. पावसाळ्यात खळ वाळत नाही आणि पुठ्ठा वाकतो. वैशाखात ती इतक्या झपाट्याने वाळते की कापड धरण्याआधीच सुटते. दिवाळीनंतरचे दोन महिने या कामाला योग्य. आणि मेळावा एका दिवसाचा असून चालणार नाही. हत्यार चालते की नाही हे ते हातात घेऊन कळत नाही, त्याच्यावर पुस्तक बांधूनच कळते. ज्यांना शिकंजा द्यायचा-घ्यायचा आहे त्यांनी पहिल्या दिवशी मंडळाच्या कपाटातले दुभंगलेले एकेक पुस्तक आणून शिवावे, पाठीला मांजरपाट लावावा आणि ते मळसूत्राखाली ठेवावे. खळ लावलेले पुस्तक रात्रभर दाबाखालून काढता येत नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचे, उघडून पाहायचे, आणि मग हत्याराचा व्यवहार बोलायचा.